आठ महिने वापरलेला ओबीडी स्कॅनर : काम चोख, केबल आखूड

गाडीच्या सॉकेटला जोडून बिघाडाचे कोड वाचणारा हा स्कॅनर मी ऑगस्टमध्ये ८,९०० रुपयांना घेतला. ब्लूटूथचा डोंगल नव्हे, वायरचा, हातात धरायचा, इंजिनाबरोबर एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग आणि बॉडीचे ईसीयू, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर किंवा मॉड्यूल्स, वाचणारा. बाकीची माहिती खोक्यावर छापलेली असते, ती इथे पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते केबलबद्दल. ती ७० सेंटिमीटरची आहे, आणि तिच्यापायी माझा दोन महिन्यांचा पाऊस वाया गेला.

मी रोज रत्नागिरीहून लांज्याला जातो. जुलैत पालीच्या पुढे मुसळधार पाऊस लागला. वायपर फास्टवर, हेडलाइट चालू, काचेवर वाफ धरू नये म्हणून ब्लोअर चालू. एकदम एबीएसचा दिवा लागला, पाठोपाठ स्टिअरिंगचा, आणि स्पीडचा काटा शून्यावर पडला. गाडी साठच्या वर होती. बाजूला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, सगळं जागेवर. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

वर्कशॉपने (नाव लिहीत नाही) कोड काढला, यू०१२१. म्हणजे एबीएसच्या ईसीयूशी संपर्क तुटला. स्कॅनिंगचे १,१८० रुपये घेतले आणि एबीएस मॉड्यूल बदलायचं ४१,००० चं एस्टिमेट हातात ठेवलं. मी विचारलं, मॉड्यूल गेलंय तर गाडी बंद-चालू केल्यावर बरं कसं होतं? म्हणाले, कधी चालतं कधी नाही, बदलावंच लागेल. वायरिंग तपासलं का, पुरवठा मोजला का, याला उत्तर नाही. नुसत्या एका कोडवर माणसाकडून ४१,००० मागायचे, याचा मला आजही राग आहे. मी गाडी घेऊन निघून आलो आणि त्याच रात्री स्कॅनर मागवला.

पहिल्या दिवशी स्कॅनरवर मी बेहद्द खूश होतो. सगळ्या मॉड्यूल्सची यादी येते आणि कोण उत्तर देतंय, कोण नाही, ते समोर दिसतं. इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर कन्सोल, तिघांकडेही एकच तक्रार नोंदलेली, एबीएस बोलत नाही. चाकांचा वेग मोजतं एबीएस, बाकीचे तो त्याच्याकडून घेतात. म्हणून ते गप्प झालं की स्टिअरिंगचा दिवा लागतो आणि काटाही पडतो. तीन वेगळे बिघाड नाहीत, एकच आहे, हे मला पंधरा मिनिटांत कळलं. वर्कशॉपमध्ये हे कुणी समजावलं नव्हतं.

पण ते गप्प का होतं? त्यासाठी बिघाड होत असताना पडदा बघायला हवा. आणि तिथे केबल आडवी आली. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली. ७० सेंटिमीटरमध्ये स्कॅनर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर येतो किंवा ब्रेकच्या पेडलपाशी लोंबतो. गाडी चालवताना ते सरळसरळ धोक्याचं आहे, कुणीही करू नका. शेजारी बसलेल्या भाच्याच्या हातात तो पोचतच नव्हता. गाडी थांबवून जोडेपर्यंत सगळी मॉड्यूल्स शहाण्यासारखी हजर.

मग ४५० रुपयांची एक्स्टेंशन केबल घेतली. ती लावली तर पडद्यावर 'गाडीशी संपर्क नाही'. पोटात गोळा आला, आता सगळंच गेलं म्हणून. भाचा घरांच्या वायरिंगची कामं करतो, त्याने मल्टिमीटर बीपवर ठेवून केबलची एकेक पिन तपासली. १६ पैकी ९ च जोडलेल्या. नेमकी १४ नंबरची पिन कोरडी. कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल्स ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन तारा सॉकेटमध्ये ६ आणि १४ वर येतात, ६ वर हाय, १४ वर लो. त्यातली एक नसेल तर स्कॅनर काय बोलणार? केबल परत केली, पैसे मिळायला तीन आठवडे लागले.

यावरून एक फायदा मात्र झाला. ६ आणि १४ मधला ओहम मोजायचा, हे भाच्याला सुचलं. कॅन ही बॉशने १९८६ मध्ये मांडलेली पद्धत. सगळी मॉड्यूल्स पिळलेल्या दोनच तारांवर बोलतात, आणि लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. मोजण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा, नाहीतर आकडा खोटा येतो. आमच्याकडे ६०.३ आला.

मी म्हटलं, झालं, लाइन ठीक आहे, म्हणजे वर्कशॉप बरोबर. भाचा म्हणाला, "मामा, घाई करू नका. लाइन ठीक आहे एवढंच कळलं. मॉड्यूलला जेवण मिळतंय का ते कुठे बघितलंय?"

इथे स्कॅनरबद्दलचं माझं मत बदललं. पडद्याच्या कोपऱ्यात तो व्होल्टेज दाखवतो, कायम १४.१. मी त्यावर विसंबून होतो. पण ते सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवरचं व्होल्टेज, एबीएसला पोचणारं नव्हे! उलट एबीएसच्या स्वतःच्या कोडमध्ये 'पुरवठा व्होल्टेज कमी' अशी जुनी नोंद पहिल्या दिवसापासून होती, पुढच्या पानावर. मी ती जुनी बॅटरी समजून सोडून दिली होती. म्हणजे स्कॅनरने सांगितलं होतं, मीच वाचलं नाही. आणखी एक खूण होती, डावा हेडलाइट पावसात पिवळट दिसायचा. मी त्याचा बल्ब बदलून बसलो होतो.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात गाडी दारात चालू ठेवली, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावलं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं एबीएसच्या अर्थ वायरवर. तिथे जवळजवळ शून्य हवं. ४.८ आले, वायपर फिरला की ५ च्या वर. १४ मधले ५ वाटेतच गळत होते, एबीएस झोपणारच.

बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला घट्ट केलेला अर्थचा बोल्ट आहे, डाव्या हेडलाइटचा, वायपरचा आणि एबीएसचा अर्थ त्यावरच. दहाच्या पान्याने सोडला तर लगखाली (तारेच्या टोकाची धातूची कडी) हिरवी-पांढरी भुकटी, आणि लगच्या मानेपाशी तांब्याच्या दोन-तीनच तारा शाबूत. समुद्राकाठची हवा, वर बॅटरीची वाफ. तार मागे कापून नवा लग दाबला, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, घट्ट करून वर व्हॅसलीन लावलं. खर्च ६० रुपये. पुन्हा मोजलं, ०.०३. त्यानंतर एबीएसचा दिवा एकदाही लागलेला नाही.

ज्यांच्याकडे यू ने सुरू होणारा कोड आलाय त्यांनी मॉड्यूलचे पैसे भरण्याआधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थ मोजून घ्या, लोड म्हणजे हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू ठेवून. कॅनच्या तारांना टेस्ट लॅम्प लावू नका आणि सुई टोचून तपासू नका, तिथून पाणी शिरतं.

स्कॅनर मी विकणार नाही. बहिणीच्या गाडीचे आणि ऑफिसातल्या दोघांचे कोडही त्यावर वाचून दिले. पण मी सव्वादोनशे रुपयांच्या साध्या मल्टिमीटरला जास्त गुण देईन. आणि ८,९०० घेणाऱ्याने आणखी एक मीटर वायर द्यायला काय हरकत होती? दुकानात जाऊन घेणार असाल तर आपल्या गाडीच्या सॉकेटला लावून बघा, केबल शेजारच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीपर्यंत येते की नाही.