आईशी ११ महिने व्हिडिओ कॉल : वापरानंतरचा अनुभव

गेल्या महिन्यात आईच्या टॅबचा माइक गेला. ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. कंपनीला विचारलं तर म्हणे टॅब केंद्रावर आणून द्या, माणूस घरी येणार नाही. ७२ वर्षांची, दमा असलेली, कोरोनामुळे मार्च २०२० पासून उंबरठा न ओलांडलेली बाई दुरुस्तीच्या रांगेत उभी राहणार? तीनदा लिहिलं, तीनदा तेच छापील उत्तर आलं. त्या संतापातच लिहायला बसलोय.

ॲप कसं टाकायचं, म्यूट कुठे असतं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते उशिराबद्दल, म्हणजे आवाज पोचायला लागणाऱ्या त्या अर्ध्या क्षणाबद्दल. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण २०० मिलिसेकंदच जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर बहुतेक संभाषणांत अडचण येत नाही. आमचं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. आई बोलायला लागायची, त्याच वेळी मीही. दोघंही थांबायचो. ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’. असं तीन-चारदा झालं की ती गप्प बसायची आणि शेवटी ‘बरं, ठेवते’.

सहा महिने मी ॲपला दोष दिला. वेळेची मर्यादा नको आणि आवाजही सुधारेल, या आशेने वर्षाचा प्लॅन विकत घेतला. मर्यादा गेली, उशीर तसाच राहिला. मग एका रात्री आम्ही आळीपाळीने १ ते २० आकडे मोजले. आधी माझे ब्लूटूथ इयरफोन लावून, मग वायरचे लावून. फरक लगेच कळला. ब्लूटूथमध्येच आवाजाला चांगला उशीर होतो, आणि तो माझ्याच कानात होता. राउटरला केबल जोडल्यावर उरलेलं अडखळणंही बरंच कमी झालं. तेव्हा ॲपबद्दलची माझी निम्मी तक्रार मागे घेतो. प्लॅनचे पैसे मात्र फुकट गेले, ते अजून सलतात.

माइक गेला आणि नाइलाजाने साधा फोन सुरू झाला. पहिल्याच रात्री आई ५० मिनिटं बोलली! व्हिडिओवर ती केस नीट करून, ताठ बसून, टॅबच्या चौकटीत मावून ‘मी बरी आहे’ म्हणायची. फोनवर ती घरभर फिरते, कपड्यांच्या घड्या घालते आणि मध्येच सांगते, ‘रात्री जाग आली की घर फार मोठं वाटतं रे.’ हे वाक्य ११ महिन्यांत एकदाही व्हिडिओवर आलं नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली : समोरच्याची फार जवळून रोखलेली नजर, सतत दिसणारा स्वतःचा चेहरा, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव समजण्या-समजावण्याचे जादा कष्ट. वाचताना आईचं ते ताठ बसणंच डोळ्यांसमोर आलं. स्वतःचा चेहरा लपवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती मी तिला पहिल्याच दिवशी करून द्यायला हवी होती.

तरी व्हिडिओ काढून टाकणार नाही. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, हे मला व्हिडिओवरच दिसलं. फोनवर तिने ते कधीच सांगितलं नसतं. मला काळजी नको म्हणून ती असल्या गोष्टी गाळते. दम लागलाय का हे आवाजावरून कळतं, चेहरा उतरलाय का हे बघावंच लागतं.

आता आठवड्यातून एकदा व्हिडिओ, तिच्या फोनवरून, छोट्या पडद्यावर. बाकी रोज रात्री ९ ला साधा कॉल. टॅब कपाटात आहे. प्लॅनचं नूतनीकरण आपोआप होणार होतं, ते काल बंद केलं. नवा चष्मा परवा पोचला. काडी कानामागे टोचते म्हणाली, फोनवरच.