.४१० की २८ गेज?

अमेरिकेत खार-सशाच्या शिकारीसाठी पोरांच्या हाती पहिली छर्ऱ्यांची बंदूक बऱ्याचदा .४१० ची देतात (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत). हलकी, धक्का नावापुरता. पण नळी जेमतेम १०.४ मिमी आणि अडीच इंची काडतुसात छर्रे साधारण १४ ग्रॅम. वीसेक यार्डांवर बसलेली खार टिपायला पुरे. उडत्या बॉबव्हाइट या अमेरिकी लाव्यावर मात्र मारा विरळ पडतो, पाखरू जखमी होऊन निसटतं. म्हणजे नवशिक्याची म्हणवणारी ही बंदूक खरी मुरलेल्या हाताची! २८ गेजची (गेज हे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) नळी १४ मिमी, छर्रे २१ ग्रॅम, मारा दाट; धक्का किंचित जास्त. काडतुसं दोन्हींची बारा गेजपेक्षा महागच. लाव्यासाठी माझं मत २८ ला. अर्थात आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी, त्यामुळे ही निवड कागदावरचीच.