पहिली ओपन सोर्स परिषद: वर्डकॅम्प, मिनीडेबकॉन्फ की स्वतःच्या नावाने?

शहरात ओपन सोर्सची (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची) मीटअप नियमित भरते, तीस-चाळीस माणसं येतात आणि आता एक दिवसाची परिषद घ्यावी असं गटाला वाटतंय. अशा वेळी पहिली चर्चा विषयांवर आणि पाहुण्यांवर रंगते. ती नंतर होऊ द्या. आधी ठरवा की प्रायोजकाचे पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि हॉलच्या करारावर सही कोण करणार. तीनपैकी कोणता मार्ग धरायचा, हे बहुतांशी इथेच ठरतं.

वर्डकॅम्प

वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या मंडळींची परिषद. पहिली वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाली. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिकच्या मंडळींना ती चांगली ठाऊक आहे. हे नाव कुणालाही मनाने वापरता येत नाही. आधी शहरात चालती मीटअप हवी, मग अर्ज, मुलाखत आणि अंदाजपत्रकाची तपासणी. पैशांचा व्यवहार सहसा वर्डप्रेसच्या केंद्रीय संस्थेमार्फत होतो, त्यामुळे कुणा एकाच्या बचत खात्यात लाखो रुपये येऊन पडत नाहीत. वेबसाइट आणि तिकीट विक्रीची यंत्रणा तयार मिळते. नव्या गटासाठी ही फार मोठी सोय आहे.

बदल्यात नियम पाळावे लागतात. तिकीट स्वस्तच ठेवायचं, वक्त्यांना मानधन नाही. सगळ्यात जास्त अडतं ते परवान्यावर. आयोजक, वक्ते, प्रायोजक जे थीम-प्लगइन (साइटच्या रूपाचे साचे आणि जोडसुविधा) वाटतात किंवा विकतात, ते पूर्ण जीपीएल (कोड वापरायला, बदलायला आणि पुढे वाटायला मोकळीक देणारा परवाना) किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याखाली हवेत. पीएचपी हा मुख्य कोड जीपीएलमध्ये आणि सीएसएस (मांडणीचा कोड) व चित्रं बंद परवान्यात, हा दुहेरी प्रकारही चालत नाही. स्थानिक प्रायोजकाशी बोलणी पक्की झाल्यावर हे लक्षात आलं तर दोघांचीही पंचाईत होते, म्हणून पहिल्या फोनमध्येच परवाना विचारून घ्या. दुसरी अडचण वेळेची. परदेशातून पैसे यायला दिवस लागतात आणि मांडववाल्याला आगाऊ रक्कम हवी असते. हप्त्यांच्या तारखा करारातच लिहून घ्या.

मिनीडेबकॉन्फ

मिनीडेबकॉन्फ म्हणजे डेबियन या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींची छोटी परिषद; डेबकॉन्फ ही त्यांची वार्षिक जागतिक परिषद. गट लहान असेल आणि भाषणांपेक्षा हाताने काम करण्याची हौस असेल, तर आमचं मत मिनीडेबकॉन्फच्या बाजूने आहे. २०२३ ची डेबकॉन्फ कोचीत झाली, त्यामुळे भारतात अनुभवी माणसं सापडतात. दोन सत्रं भाषणांची आणि उरलेला वेळ पॅकेजिंग (सॉफ्टवेअर डेबियनवर बसवण्याजोगं बांधणं), बग दुरुस्ती, भाषांतर, असा बेत इथे शोभतो. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही चालतो. त्यातले संदेश तपासण्यासाठी पाच-सहा जणांचं एक टेबल वेगळं ठेवलं तरी दुपार सार्थकी लागते.

निधीची रीत वेगळी आहे. डेबियनकडून खर्च हवा असेल तर प्रोजेक्ट लीडरची मंजुरी आधी घ्यायची, खर्च करायचा, मग पावत्या देऊन परतफेड मागायची. म्हणजे सुरुवातीला खिशातून पैसे घालू शकणारा कुणीतरी गटात हवा. मंजुरीआधीचा खर्च परत मिळेल असं धरून चालू नका, आणि चहावाल्याकडूनही पावती घ्या.

इथे नेटवर्क सगळ्यात आधी मान टाकतं. चाळीस लॅपटॉप एकाच वेळी तीच पॅकेजेस उतरवू लागले की कॉलेजची लाइन ठप्प होते. एका जुन्या लॅपटॉपवर एप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्राम) लावा आणि आदल्या दिवशी एका मशीनवर सगळी पॅकेजेस त्यातून उतरवून घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना ती खोलीतल्या खोलीत मिळतात. मिररचा (पॅकेजेस जिथून उतरतात त्या सर्व्हरचा) पत्ता एचटीटीपीवर ठेवा. एचटीटीपीएसची वाहतूक कॅशरमध्ये साठत नाही. कॉलेजचा वायफाय प्रत्येक उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देतो का, हेही आदल्या दिवशी तपासा. तो तसं रोखत असेल तर आपला राउटर आणि स्विच आणावाच लागतो.

स्वतःच्या नावाने

विषय एका प्रकल्पात मावत नसेल, पायथन, पोस्टग्रेस, लिनक्स, नकाशे सगळं हवं असेल, तर हा मार्ग. स्वातंत्र्य पूर्ण, पण कागदपत्रंही पूर्ण तुमची. प्रायोजक कंपनी बिल मागते, पॅन मागते, टीडीएस कापते. पैसे व्यक्तीच्या खात्यात आले तर ते तिचं उत्पन्न दिसतं. परदेशी निधी घ्यायचा विचार असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याबद्दल सीएला आधी विचारा. नोंदणीकृत संस्था नसेल तर कॉलेजला सहआयोजक करून घ्या, किंवा फॉस युनायटेडसारख्या भारतीय संस्थेशी बोला; ती अशा कार्यक्रमांना मदत करते. फक्त उत्साहाच्या भरवशावर हा मार्ग पहिल्याच वर्षी धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आयोजक व्हायचं की स्वयंसेवक?

दीडशे जणांच्या एका दिवसाच्या परिषदेला सहा महिने धरा: हॉल आणि पैसे पहिल्या दोन महिन्यांत, भाषणांसाठी आवाहन सहा आठवडे खुलं, टी-शर्टची ऑर्डर महिनाभर आधी, जेवणाचा अंतिम आकडा तीन दिवस आधी. नोंदणी मोफत असेल तर नाव घातलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत आणि जेवण वाया जातं. शंभर-दोनशे रुपये शुल्क ठेवलं की आकडा विश्वासार्ह होतो. हे पेलायला पाच-सहा आयोजक लागतात. नोकरी सांभाळून आठवड्याला चार-पाच तास निघत नसतील तर आयोजक होऊ नका, स्वयंसेवक व्हा.

स्वयंसेवकाचं काम दोन दिवसांचं असतं, पण कमी महत्त्वाचं अजिबात नाही. बारा-पंधरा जण पुरतात: नोंदणीला चार, प्रत्येक खोलीत दोन, बाकी जेवण आणि धावपळीला. सकाळी नऊला दारात रांग लागते. बिल्ले पहिल्या नावाच्या आद्याक्षराने लावून तीन टेबलांवर वाटले तर ती लवकर हलते. कुणाला एकच काम शिकायचं असेल तर आवाजाचं शिका. कॅमेऱ्याच्या माइकवर टिपलेलं भाषण पंख्याच्या घरघरीत बुडतं. मिक्सरच्या लाइन-आउटमधून केबल थेट रेकॉर्डरला जोडा, पातळी आधी तपासा, आणि भाषण सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर कानाला हेडफोन लावून ऐका. सवालजवाबात दुसरा माइक प्रेक्षकांत फिरता ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरंच उरतात.