मोबाइलसाठी वेगळं डोमेन की सगळ्यांना एकच पत्ता?

नवं संकेतस्थळ उभारताना हा प्रश्न अजूनही निघतो. फोनवाल्यांसाठी .मोबी (.कॉमसारखाच, पण मोबाइलसाठी काढलेला डोमेनचा प्रत्यय) घ्यावं, पत्त्याच्या सुरुवातीला 'एम.' लावून वेगळी आवृत्ती काढावी, की एकाच पत्त्यावर सगळ्यांची सोय करावी? मोबाइलवरची वर्दळ वाढणार याबद्दल वाद नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातले सुमारे ५५० कोटी लोक इंटरनेट वापरत होते आणि २६० कोटी अजून त्याबाहेर होते. हे उरलेले लोक येतील तेव्हा बहुतेकांच्या हातात फोनच असेल. पण मोबाइल इंटरनेट वाढलं की मोबाइलची डोमेनंही वाढतील, हा हिशेब एकदा मांडून चुकलेला आहे.

.मोबीचं काय झालं

डोमेन प्रत्ययांना मान्यता देणाऱ्या आयकॅन या संस्थेने २००५ मध्ये .मोबीला मान्यता दिली आणि २००६ मध्ये नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. पाठीशी नोकिया, मायक्रोसॉफ्ट, गूगल, व्होडाफोन अशी तगडी मंडळी होती. अट अशी की .मोबीवरचं पान छोट्या पडद्यावर आणि संथ जोडणीवर नीट चाललंच पाहिजे. त्या काळच्या फोनवर नेहमीची पानं उघडायचीच नाहीत, त्यामुळे ही हमी मोलाची होती. फ्लॉवर्स.मोबी हे नाव तेव्हा दोन लाख डॉलरला विकलं गेलं.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मात्र आधीच हरकत घेतली होती. कोणत्याही उपकरणावरून एकाच पत्त्यावर तीच माहिती मिळावी हा वेबचा पाया आहे आणि उपकरणावर बेतलेलं डोमेन त्यालाच धक्का लावतं, असं त्यांचं म्हणणं होतं. २००७ मध्ये आयफोन आला, फोनमधला ब्राउझर पूर्ण पान दाखवू लागला आणि ज्या अडचणीवर .मोबी हा उतारा होता ती अडचणच सरली. आज .मोबी हा इतर शेकडो प्रत्ययांसारखाच एक प्रत्यय आहे. या प्रत्ययामुळे शोधयंत्रात वरचा क्रमांक मिळत नाही आणि पानही हलकं होत नाही. तुमचं नाव दुसऱ्याने बळकावू नये म्हणून घ्यायचं तर घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा.

(.ॲप या प्रत्ययाबद्दलही विचारणा होते. ते गूगलने २०१८ मध्ये खुलं केलं. त्यावर एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सक्तीचं आहे, पण फोनशी त्याचा तांत्रिक संबंध काहीच नाही.)

'एम.' विरुद्ध एकच पत्ता

खरी निवड इथे आहे. 'एम.' आवृत्तीचा मोठा फायदा म्हणजे जुन्या, अवजड संकेतस्थळाला हात न लावता शेजारी हलकी पानं उभी करता येतात. पण त्याची किंमत रोज मोजावी लागते. फोनवरून आलेला माणूस आधी मुख्य पत्त्यावर जातो, मग त्याला 'एम.'कडे पाठवलं जातं. नव्या नावासाठी पुन्हा डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणं), पुन्हा सुरक्षित जोडणी. वेगवान नेटवर्कवर हे जाणवत नाही. कमकुवत सिग्नलवर, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांनाच, ते नेमकं जाणवतं. शिवाय फोनवरून पाठवलेली लिंक संगणकावर उघडली की भल्यामोठ्या पडद्यावर चिंचोळं पान दिसतं.

त्यात समोरचं उपकरण ओळखायचं कसं, हा वेगळाच घोळ. २०१९ पासून आयपॅडचा ब्राउझर स्वतःची ओळख मॅक म्हणूनच देतो. घडी घालता येणारे फोन उघडले की टॅबलेट होतात. अशा वेळी फोन कुठे संपतो आणि संगणक कुठे सुरू होतो, हे सर्व्हरने ठरवणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. विकिपीडियासारख्या अवाढव्य प्रकल्पानेही २०२५ मध्ये मोबाइलचा वेगळा पत्ता गुंडाळून सगळं एका पत्त्यावर आणलं.

एकाच पत्त्याच्या पद्धतीला, म्हणजे रिस्पॉन्सिव्ह डिझाइनला, हे नाव वेब डिझायनर ईथन मारकॉट यांनी २०१० मध्ये दिलं. पान एकच असतं, मांडणी पडद्याच्या रुंदीनुसार बदलते. गूगलही हीच पद्धत सुचवतं. पानाची मोबाइल आवृत्ती पाहूनच शोधासाठीची अनुक्रमणिका करायची, हा बदल त्याने २०२३ मध्ये पूर्ण केला. तेव्हा 'एम.' आवृत्तीत मजकूर कापून ठेवला असेल, तर गूगलच्या लेखी तो कापलेला मजकूर तुमच्याकडे नाहीच.

मात्र रिस्पॉन्सिव्ह म्हटलं की हलकं, असं समजू नका. संगणकासाठीचं मोठं चित्र फोनवर नुसतं आकसून दाखवलं, तरी डेटा पूर्ण चित्राचाच जातो. अनेक डिझायनर इथे हात झटकतात. काम देण्याआधीच विचारून घ्या: फोनला वेगळ्या मापाची चित्रं जाणार का, आणि स्वस्तातल्या फोनवर पान तपासून दाखवणार का?

तुमच्यासाठी कोणतं?

नव्याने सुरुवात करत असाल तर एकच पत्ता, डोळे झाकून. जुनी यंत्रणा इतकी गुंतलेली आहे की तिला हात लावता येत नाही, किंवा साध्या कीपॅड फोनवरचे वाचक खरोखर मोठ्या संख्येने आहेत, अशा वेळी 'एम.' आजही समर्थनीय आहे. फक्त दोन्ही पानांचं नातं कॅनॉनिकल आणि ऑल्टरनेट टॅगने (मूळ पान कोणतं आणि पर्यायी कोणतं हे सांगणाऱ्या कोडमधल्या खुणांनी) शोधयंत्राला कळवा. डोमेनचे पैसे वाचले तर ते चित्रं आणि स्क्रिप्ट हलकी करण्यावर घाला.

आणि आधीच .मोबी चालवत असाल, तर मुख्य पत्त्यावर जाताना जुन्या प्रत्येक पानावरून ३०१ वळण (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणारं) द्या आणि जुन्या नावाचं नूतनीकरण चालू ठेवा. खुद्द .मोबीच्या नोंदणी व्यवस्थेने हूइज सर्व्हरचं (डोमेन कोणाच्या नावावर आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरचं) नाव बदलल्यावर जुनं नाव सोडून दिलं होतं. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ते वीस डॉलरला विकत घेतलं, तेव्हा १ लाख ३५ हजारांहून अधिक यंत्रणा अजून त्याच जुन्या पत्त्यावर विचारपूस करत होत्या.