घरची सतरंजी की बागेतला बार?

जिम न लावता अंगाच्या वजनावरच व्यायाम सुरू करायचा म्हटलं की नागपुरात दोन सोप्या वाटा असतात. एक, घरीच सतरंजी टाकायची आणि सोबतीला चार-सहा ओळखीच्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप ठेवायचा. दुसरी, पहाटे जवळच्या बागेत जायचं, जिथे सिंगल बार (लटकायचा एक आडवा पाइप), डबल बार (शेजारी-शेजारी दोन समांतर पाइप) आणि रोज येणारी पाच-सात माणसं असतात. दोन्ही वाटांनी लोक तयार झालेले आहेत. मी दोन्ही करून एक धरली, आणि ती धरायला एक बारीकशी वाटणारी अडचण कारणीभूत ठरली.

जोर, बैठका, प्लँक म्हणजे काय हे माहीत आहे असं धरून चालतो. आठवड्यातून तीन दिवस, सोम-बुध-शुक्र. दर वेळी ३५ ते ४० मिनिटं. एकेका प्रकाराचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये ५ ते ८, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये ८ नीट निघाले की पुढच्या अवघड पायरीवर जायचं. एवढा आराखडा घरी काय नि बागेत काय, सारखाच. फरक जागेचा आणि माणसांचा.

घरी काय उत्तम होतं

ढकलण्याचे व्यायाम घरात फार छान होतात, बागेपेक्षा काकणभर जास्तच. कारण घरात उंचीच्या पायऱ्या आयत्या मिळतात. स्वयंपाकघरातला ओटा ३२-३३ इंचांचा, दिवाण साधारण १८ इंचांचा, जिन्याची दुसरी पायरी १२ ते १४ इंचांवर, आणि मग जमीन. ज्याला जमिनीवर एकही जोर निघत नाही त्याने ओट्यावर हात टेकून सुरुवात करावी. छाती ओट्याच्या कडेला लागली पाहिजे, कोपरं धडापासून साधारण ४५ अंशांवर राहिली पाहिजेत. कोपरं थेट बाजूला फाकली की खांदा पुढून दुखायला लागतो, आणि कंबर खाली झोळीसारखी लोंबली तर तो जोर मोजायचा नाही. मनगट दुखत असेल तर मूठ वळून मुठीवर करा, मनगट सरळ राहतं.

इथे एक सांगून ठेवतो. आखाड्यातला जोर आणि हल्लीचा पुश-अप एक नव्हे; वर मी जोर म्हटलं तो पुश-अपच. जोरात कंबर आधी वर असते आणि अंग खालून सापासारखं पुढे निघतं. त्यात खांद्याला जास्त काम पडतं. नवख्याने आधी सरळ पाटीसारख्या अंगाचा पुश-अप पक्का करावा. बैठकांचंही तसंच. पारंपरिक बैठक चवड्यांवर, टाचा उचलून, भराभर काढतात. पहिल्या दोन महिन्यांत टाचा जमिनीवर टेकवून, तीन सेकंदांत खाली जात काढलेल्या ८ बैठका पुरेत. घोट्यातून पाय वाकत नसल्याने टाच उचलली जात असेल तर टाचांखाली अर्ध्या इंचाची फळी ठेवा, तोल जात असेल तर खिडकीच्या गजाला धरा.

घरातल्या दोन बारीक गोष्टी सांभाळायच्या. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी सरकते, त्यामुळे खाली रबरी मॅट हवी किंवा सरळ उघड्या फरशीवर करावं. आणि उन्हाळ्यात कूलरसमोर करू नये. फरशी ओलसर होते, हात घसरतो. कूलरची खोली सोडून बाजूच्या खोलीत पंख्याखाली बरं.

वेळेचं स्वातंत्र्य ही घराची सगळ्यात मोठी बाजू. शिफ्टची नोकरी, लहान मूल, सकाळचे डबे, हे ज्यांच्यामागे आहे त्यांना पहाटे साडेपाचला बागेत या म्हणणं सोपं नाही.

ग्रुपवरची खूण

फोनवरच्या सोबतीचा उपयोग आहे, पण ती कशी ठेवता यावर सगळं अवलंबून. ‘झालं’ म्हणून नुसता अंगठा टाकायचा ग्रुप दोन-तीन आठवड्यांत थंड पडतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. अंगठ्याऐवजी आकडे टाकायचा नियम करा: ‘दिवाण, ८-७-५’. म्हणजे मागच्या वेळी ८-६-५ होते हे दिसतं आणि विचारणाऱ्याला विचारायला काही राहतं. आठवड्यातून एकदा सगळ्यात अवघड सेटचा व्हिडिओ टाकायचा, फोन गुडघ्याच्या उंचीवर आणि अंगाच्या बाजूला ठेवून. समोरून काढलेल्या व्हिडिओत कंबर लोंबलेली दिसतच नाही. माणसं चार ते सहा असावीत. वीस जणांच्या ग्रुपात कोण आलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा: महिनाभराची चॅलेंजं आणि ‘रोज शंभर’ वगैरे. सवय नसताना पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका काढल्या की मांड्या चार-पाच दिवस धरतात, आणि क्वचित स्नायूच मोडून त्यातले घटक रक्तात उतरतात व मूत्रपिंडाला इजा करतात. अति व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, मांड्या सुजून कडक झाल्या, तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. ग्रुपच्या भरात ही चूक घरी बसूनही होते.

अडचण दाराच्या चौकटीची

आता मूळ मुद्दा. सूर्यनमस्कार, जोर, बैठका, प्लँक या सगळ्यांत आपण जमीन ढकलतो किंवा अंग ताठ धरतो. ओढण्याचा, म्हणजे हातांनी अंग वर खेचण्याचा व्यायाम यात एकही नाही. जुन्या आखाड्यात ही उणीव नव्हती. तिथे मल्लखांब होता, दोरी होती, फावड्याने हौदा खणणं होतं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून विदर्भात जी व्यायामाची ओढ लावली, तिच्यातही जोर-बैठकांच्या जोडीला मल्लखांब होताच. आपण घरी आणताना सतरंजीवर मावतं तेवढंच आणलं आणि ओढण्याचं काम तिथेच राहिलं. सहा महिने नुसतं ढकलत राहिलं की छाती आवळते, खांदे पुढे येतात. दिवसभर संगणकासमोर किंवा गाडीच्या हँडलवर वाकलेल्या माणसाला हे लवकर जाणवतं.

मग माणूस दारात लावायचा बार मागवतो. तो दोन प्रकारचा मिळतो आणि दोन्ही आपल्या दारांशी जुळत नाहीत. चौकटीवर अडकवायच्या बारला दाराच्या वर, पलीकडच्या बाजूला, पुढे आलेली लाकडी पट्टी लागते. आपल्याकडे चौकट बहुधा प्लास्टरच्या पातळीत बसवलेली असते. अडकवायला कडच नसते. दुसरा फिरवून आवळायचा. ऑइलपेंटच्या गुळगुळीत लाकडावर किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीत त्याचं रबर धरत नाही. जास्त आवळला तर चौकट बाहेर दबते आणि दार घासायला लागतं. लटकताना अंग थोडं झुललं की बार कणाकणाने सैल होतो, आणि तो सुटतो तेव्हा माणूस पाठीवर पडतो.

धरला असं मानलं तरी उंची पुरत नाही. दार जेमतेम सात फुटांचं. हनुवटी बारच्या वर यायची तर डोक्याला वर आठ-नऊ इंच मोकळे हवेत, म्हणजे बार सहा फुटांच्या आसपास आला. साडेपाच फुटांच्या माणसालाही तिथे गुडघे पूर्ण दुमडून लटकावं लागतं.

पर्याय आहेत, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. जाड चादरीला टोकाशी गाठ मारायची, गाठ दारावरून पलीकडे टाकून दार लावायचं, आणि मागे झुकून चादर ओढायची. दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूला उभं राहायचं, म्हणजे ओढल्यावर दार चौकटीवरच दाबलं जातं. चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर दार उघडून अंगावर येईल. तेवढ्यावर पहिले दोन महिने निघतात. जेवणाच्या टेबलाखाली पडून कड धरून छाती वर ओढता येते, पण टेबल जड आणि लाकडी हवं. काचेच्या टेबलाचा विचारही नको. स्वतःचं घर असेल तर सांदवाडीत, घराची भिंत आणि पक्की कुंपणभिंत यांच्यामध्ये, एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप टाकून घेणं सगळ्यात उत्तम. तो बाहेरून साधारण ३४ मिलिमीटर असतो, मुठीत नीट बसतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मात्र घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, आणि नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर माणसाचं वजन पेलत नाही.

दाराच्या चौकटीपाशी माझा घरचा पक्ष हलका पडला.

बागेत बार आहे, आणि मागे हात आहे

बागेतल्या ग्रीन जिमची झुलणारी, फिरणारी यंत्रं सांधे मोकळे करायला ठीक. त्यांत वजन वाढवता येत नाही, त्यामुळे ताकदीच्या दृष्टीने ती सोडून द्यावीत. आपल्या कामाचे दोनच: सिंगल बार आणि डबल बार.

पहिले तीन-चार आठवडे नुसतं लटकायचं. तीन वेळा २० सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत. मग लटकल्या लटकल्या कोपर न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढायचे, ५ ते ८ वेळा. याच्याच जोडीला कमरेएवढ्या उंचीच्या आडव्या पाइपखाली पाय पुढे सोडून छाती पाइपला लावायची. अंग जितकं आडवं तितकं अवघड. हे ८-८-८ झालं की खरी पायरी येते, उलटा पुल-अप. पुल-अप म्हणजे लटकून हनुवटी बारच्या वर येईपर्यंत अंग खेचणं; उलट्यात फक्त खाली यायचं. कठड्यावर किंवा बाकावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. तीन सेटमध्ये तीन-तीन, एवढेच. तळवे आपल्याकडे करून धरलं तर दंडाचा आधार मिळतो, सुरुवातीला तसंच करावं.

इथे दुसरा माणूस लागतो. खाली येण्याची ताकद असते पण वर जाण्याची नसते, अशा अवस्थेत नवखा महिनोन्महिने अडकतो. मागे उभ्या माणसाने पाठीच्या मध्यावर तळहात ठेवून दोन-चार किलोंचा रेटा दिला की तो अडकलेला मधला टप्पा पार होतो. पाय धरून उचलू नये. मदत जास्त होते, आणि हात सुटला तर पाय अडकलेले असल्यामुळे माणूस तोंडावर येतो. पाठीवरच्या हाताला किती जोर द्यायचा हे रोज बघणाऱ्यालाच कळतं. ‘काकाजी, आज तुम्ही हात लावला नाही का?’ ‘नुसता ठेवला होता, भाऊ. तूच गेला वर.’ हे फोनवरून होत नाही.

मोजण्याचंही तसंच. ‘अर्धाच झाला, छाती लाव ना’ असं कुणी शेजारून म्हटलं की पुढचा पूर्ण निघतो. त्याच बारवर झोके घेत वीस-वीस काढणारी पोरं असतील. त्यांच्यामागे जाऊ नये. झोक्याने काढलेल्याची ताकदीत भर थोडी आणि खांद्याला झटका मोठा.

घाई बागेत जास्त होते, हे मान्य करतो. उत्साहाने रोज लटकायला लागलं की कोपराच्या आतल्या हाडाशी दुखणं सुरू होतं. स्नायू महिन्यात तयार होतो, त्याला हाडाशी बांधणारी दोरी त्याहून सावकाश. दुखलं तर दोन आठवडे उलटे पुल-अप बंद, फक्त आडव्या पाइपचे चालू. पहिला पूर्ण पुल-अप कुणाला दोन महिन्यांत येतो, कुणाला वर्षही लागतं. पोटाचा घेर त्यात मोठा हिशेब ठेवतो.

हवामान बागेच्या विरोधात आहे. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हा पोहोचून साडेसहाला आटोपलं तर ठीक; आठनंतर लोखंडाला हात लावून धरवत नाही. डिसेंबरअखेर पावणेसातपर्यंत उजाडत नाही आणि पाइप बर्फासारखा असतो, आधी पाच मिनिटं भरभर चालून घ्यावं. पावसाळ्यात रंगवलेला ओला पाइप निसरडा होतो. कोरडा पंचा जवळ ठेवायचा, आणि चौथऱ्यावर शेवाळ असेल तर त्या दिवशी घरीच. वर्षातले साठ-सत्तर दिवस तरी असे निघतात, म्हणून ओटा-दिवाणाच्या पायऱ्या बागेत जाणाऱ्यानेही शिकून ठेवाव्यात.

ज्यांना चारचौघांत बारला लटकायचा संकोच वाटतो, किंवा ज्यांच्या बागेत सकाळी बायकांचा गटच नाही, त्यांना मी घरच सुचवेन, चादर-दाराच्या ओढीसकट. गुडघा किंवा खांदा आधीच दुखावलेला असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. बाकीच्यांनी, माझ्या मते, निदान तीन महिने बागेला द्यावेत.

बाग निवडताना आधी बार बघा. खांब हलवून पाहा, बुडाशी गंज किंवा काँक्रीट सुटलेलं असेल तर तो सोडा. दोन इंची जाड पाइप मुठीत मावत नाही, लटकणं उगाच अवघड होतं. डबल बारच्या दोन पाइपांमधलं अंतर कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या मापाएवढं असावं. त्याहून फार रुंद असेल तर खांद्यावर ताण येतो. मग सलग तीन दिवस एकाच वेळेला जाऊन बघा की तीच माणसं पुन्हा दिसतात का. दिसली तर चौथ्या दिवशी जाऊन बारला लटका आणि शेजारच्याला सेकंद मोजायला सांगा.