नागपुरातलं आमचं सीएनआय चर्च: पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला

सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आमच्या चर्चचं नाव टाकत नाही, शहराच्या जुन्या भागात आहे एवढंच सांगते, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. मिहानला नोकरी लागून किंवा रेल्वेत बदली होऊन बरेच जण नागपूरला येतात आणि विचारतात की ताई मराठी उपासना कुठं असते, पाळक कसे आहेत, बाहेरच्यांना सामावून घेतात का. त्यांच्यासाठी लिहून राहिले.

मराठी उपासना साधारण दीड तास चालते, पुस्तकातल्या ठरलेल्या क्रमाने, म्हणजे पापांगीकार, वचनं, उपदेश, विश्वासांगीकार, इतरांसाठी प्रार्थना आणि मग प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं. ज्यांना ड्रम, गिटार, टाळ्या असं मोकळं वर्शिप आवडतं त्यांना सुरुवातीला हे फार शांत वाटेल. मला हा क्रम खूप जवळचा आहे कारण घरात आजारपण असो नाहीतर मन पार विस्कटलेलं असो, प्रार्थनेचे शब्द तयार असतात, नुसतं सगळ्यांसोबत म्हणत गेलं तरी माणूस सावरतो. गीतं पेटी तबल्यावर, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन लागलं की पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बाया पुस्तक मिटून ठेवतात, त्यांना सगळं पाठ आहे. उपदेश कधी खूप चांगला, कधी लांबतो.

आता मुख्य गोष्ट. दाराजवळच्या फलकावर एकता, साक्ष, सेवा असं लिहिलंय, ते सीएनआयचं ब्रीद आहे. फलक सगळीकडेच असतात बाप्पा, पण इथं त्यातली एकता खरोखर दिसते आणि ती कुठून आली ते नवीन पोरांना माहीतच नाही. आपल्या शहरात आधी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, वेगळे आणि स्कॉटिश मिशनवाले, म्हणजे प्रेस्बिटेरियन, वेगळे. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघालं ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनचे. माझी आजी त्या मंडळीतली आणि आजोबा अँग्लिकन, त्यामुळे लग्नानंतरसुद्धा ती दोघं रविवारी एकाच घरातून निघून दोन वेगळ्या चर्चला जायची. मग २९ नोव्हेंबर १९७० ला इथं नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलला, सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, डिसायपल्स. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालू होती म्हणजे चाळीस वर्षं लोकांनी धीर धरला! सीएनआय आजही जगभरच्या अँग्लिकन परिवारात आहे, पण आता ते फक्त अँग्लिकन राहिलेलं नाही.

याचा रोजच्या मंडळीत काय फरक पडतो तर बाप्तिस्म्याचंच घ्या. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठं होऊन त्यानं स्वतः विश्वास कबूल केल्यावर, यावरून इतर ठिकाणी लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलंय. सीएनआयच्या घटनेत दोन्ही मान्य आहेत. आमच्याकडे एकाच रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्या बाळाला नुसतं समर्पणासाठी, म्हणजे बाप्तिस्मा न देता प्रार्थनेनं देवाच्या हाती सोपवायला, पुढं आणलं, दोन्ही घरची माणसं नंतर अंगणात एकत्र चहा घेत उभी होती आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. केरळचे, आंध्रचे, छत्तीसगडचे, आपले विदर्भातले सगळे इथं आहेत. नवीन माणसाला उपासना झाल्यावर कोणीतरी थांबवून नाव गाव विचारतंच, याची खात्री देते.

सेवेलाही पूर्ण मार्क. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा युवा संघाची पोरं फावडी घेऊन घराघरांतला चिखल काढायला गेली आणि महिला मंडळानं खिचडी केली, कोण कुठल्या धर्माचा हे कोणीच विचारलं नाही. प्रचाराची पत्रकं पण वाटली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, मदतीला कसलीही अट नको.

आता कापलेला स्टार. जगभरच्या अँग्लिकन चर्चेसनी मिशनच्या पाच खुणा ठरवल्यात, पहिल्या चार १९८४ मध्ये आल्या आणि पाचवी, सृष्टी जपण्याची, १९९० मध्ये जोडली. सुवार्ता सांगा, नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवा, गरजवंतांची प्रेमानं सेवा करा, आणि चौथी म्हणजे समाजातल्या अन्यायी रचना बदला. या चौथीवर आमचं चर्च गप्प बसतं. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, एनसीसीआयचं, म्हणजे भारतातल्या चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचं, मुख्यालय सिव्हिल लाइन्सला आहे आणि तिथूनच दरवर्षी नोव्हेंबरात दलित मुक्ती रविवार पाळा म्हणून हाक दिली जाते, तिथं आमच्या पुलपिटवरून जातीवर एक सरळ उपदेश मी ऐकलेला नाही. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंना होता, सगळ्या शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती आजही बाहेर. आमच्या बाकांवरच्या कितीतरी घरांचा हा जगण्याचा प्रश्न आहे पण मंडळीत त्यावर चर्चा नाही, आणि लग्नं जुळवताना मात्र मूळ जात हळूच विचारली जाते. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून घेणाऱ्या लोकांनी हे करू नये असं मला मनापासून वाटतं आणि पाळकांनाही मी हेच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, युवा संघात विषय ठेवतो म्हणाले. ठेवला तर पाचवा स्टार मी स्वतः येऊन जोडीन.

वार्षिक सभेत हिशोब भराभर वाचून टाकतात, तो छापून हातात द्यावा. बाकी सृष्टीचं काम बरं चाललंय, चहाला कागदी कप जाऊन स्टीलचे पेले आलेत.

जायचं असेल तर एप्रिल ते जून उपासना सकाळी लवकर ठेवतात, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. गाड्या आत लावता येतात. बाजूच्या दाराला रॅम्प आहे, आजी आजोबांना तिकडूनच न्या, समोरच्या पायऱ्या उंच आहेत.