स्टॅटिक आयपीच्या नावाखाली ४७,८४० रुपये गेले, आणि घरातले कॅमेरे नेटवर्किंगवाल्याच्या मोबाईलवर

घरात दोन-तीन राउटर लावून घ्यायचेत, बाहेरगावाहून कॅमेरे बघायचेत, आणि त्यासाठी कुणीतरी "नेटवर्किंगवाला" बोलावणार असाल तर आधी हे वाचा. आकडे पहिलेच सांगून टाकते. तीन राउटर प्रत्येकी ४,२०० प्रमाणे १२,६००. केबल आणि ती ओढायचे ९,३००. "रिमोट कॉन्फिगरेशन" ५,५००. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला कायम न बदलणारा पत्ता, एका वर्षाचा ४,७२०. मजुरी ६,०००. झाले ३८,१२०. पुढच्या वर्षी स्टॅटिक आयपीचं "रिन्युअल" म्हणून परत ४,७२०, आणि शेवटी आमचेच कॅमेरे आम्हाला सोडायचे म्हणून ५,०००. टोटल ४७,८४०. आणि तो स्टॅटिक आयपी आमच्या कनेक्शनवर एक दिवससुद्धा नव्हता.

घर गावाकडचं, कृष्णाकाठी, आई-बाबा दोघंच राहतात. पुढचा भाग जुना दगडी, भिंती हातभर जाड, मागची बाजू आणि वरचा मजला नंतर बांधलेला आरसीसीचा. इंटरनेटचा बॉक्स ओसरीत, त्याचं वायफाय माजघराच्या पुढे जात नाही. मी पुण्यात, भाऊ जर्मनीत. बाबांची बायपास झाल्यावर आम्ही चार कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बसवून घेतला होता, तो दुसऱ्या दुकानातून रीतसर बिलाने घेतलेला, त्यात काही गडबड नाही. आम्हाला एवढंच पाहिजे होतं की घरभर नेट मिळावं, कॅमेरे आम्हा दोघांना लांबून दिसावेत आणि बाबांचा कॉम्प्युटर मला पुण्यातून उघडता यावा, कारण लाइट बिल, पेन्शनचे कागद सगळं मीच बघते.

हा माणूस ओळखीतून आला. नातेवाइकांच्या घरी त्याने काम केलेलं. बोलायला गोड, बाबांना काका, आईला काकू, मला ताई. काही विचारलं की "ताई, ते टेक्निकल आहे, तुम्ही नका टेन्शन घेऊ". मी अकाउंट्समध्ये आहे, बिल मागितल्याशिवाय पैसे देत नाही. याच्याकडेही मागितलं. तर म्हणे पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के पडतील, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली, वर "एस्टिमेट" लिहिलेलं. त्याच एस्टिमेटमध्ये स्टॅटिक आयपीपुढे ४,००० अधिक जीएसटी ७२० असं छापलं होतं आणि जीएसटी नंबर कुठेच नव्हता!! म्हणजे जीएसटी घ्यायचा, भरायचा नाही. बाबांचं पथ्यपाणी, ऑफिसचा मार्च एंड, सगळं एकत्र चाललेलं, अशा वेळी माणूस ओळखीवरच विश्वास ठेवतो, दुसरं काय करणार.

आता ती वेळ, जी आठवली की अजून झोप उडते. काम संपल्यावर त्याने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून मला दाखवलं, "हा बघा ताई तुमचा स्टॅटिक आयपी, फोटो काढून ठेवा". मी काढला. तो फोटो आजही फोनमध्ये आहे. त्यावर आकडा आहे १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आयपी हे इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वाटपासाठी राखून ठेवलेले असतात, २०१२ पासून तसा नियमच आहे. एका बाहेरच्या पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवायची, त्याला सीजीनॅट म्हणतात. तो आकडा दिसला म्हणजे तुमच्याकडे स्टॅटिक सोडा, स्वतःचा पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा, आयपीसुद्धा नाही, आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून राउटरमार्गे घरातल्या उपकरणापर्यंत वाट उघडणं, चालणं शक्यच नाही. माझ्यासमोर, माझ्याच फोनमध्ये पुरावा दिला त्याने. मला त्या आकड्याचा अर्थ माहीत असायचं कारण नव्हतं, त्याला मात्र नक्की माहीत होता.

आणि दुसरी वेळ त्याच संध्याकाळची. कॅमेऱ्याचं अ‍ॅप सेट करताना ओटीपी आला पाहिजे होता. तो म्हणाला काकांना ओटीपीची भानगड कशाला, माझ्या नंबरवर रजिस्टर करतो आणि तुम्हाला सगळ्यांना शेअर करून देतो. बाबा खुर्चीत बसून बघत होते, ते म्हणाले, "त्याच्या नंबरवर कशाला गं?" मी म्हणाले, असू दे बाबा, अ‍ॅपमध्ये दिसलं की झालं. दिसत होतंच. मला, भावाला, दोघांनाही. फक्त मालक तो होता आणि आम्ही त्याच्या मेहेरबानीने बघणारे. हॉलमधला कॅमेरा बाबांच्या पलंगाकडे आहे, रात्री त्रास झाला तर कळावं म्हणून. तो सगळा काळ एक परका माणूस माझ्या आईवडिलांना झोपताना बघू शकत होता. पैशाचं एक वेळ जाऊ दे, हे कसं विसरायचं?

स्टॅटिक आयपीचं बिंग फुटलं ते असं की मला एका कामासाठी तो पत्ता लागणार होता म्हणून मी सरळ इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला मॅडम, तुमच्या अकाउंटवर स्टॅटिक आयपी कधी घेतलेलाच नाही. मी त्याला परत परत बघायला लावलं. नाहीच. मग मी विचारलं, कॅमेरे कसे दिसतात मग? तर कॅमेरे बघायला स्टॅटिक आयपी लागतच नाही. आजकालचे डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडलेले राहतात, आपलं अ‍ॅपही तिथेच जातं, मध्ये पोर्ट नको, आयपी नको, फुकट. क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि आपलं खातं उघडायचं, एवढंच ते काम. त्याचे ५,५०० आणि वर दोन वर्षांचे ९,४४०.

मग मी सगळंच उघडून बघितलं. आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण त्याने लावलेल्या राउटरला लॅपटॉप वायरने जोडला तरी ९४ च्या वर आकडा जाईना. तुमच्याकडेही ९४-९५ वर अडकत असेल तर समजा की राउटरचे पोर्ट १०० चे आहेत किंवा केबलची एखादी जोडी नीट लागलेली नाही. आमच्याकडे पोर्टच जुने. राउटर पालथा केला तर स्टिकर एका कोपऱ्यात फुगलेलं, नखाने सोललं तर खाली दुसरं स्टिकर, त्यावर एका वेगळ्याच इंटरनेट कंपनीचा छाप. म्हणजे कुणीतरी कनेक्शन बंद करताना परत केलेले राउटर धुऊनपुसून ४,२०० ला एक. वरच्या स्टिकरचा सिरियल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला तर वेगळंच मॉडेल आलं. राउटर घेताना खोक्यावरचा आणि खालचा नंबर जुळवून बघा, पैसे द्यायच्या आधी, नंतर नाही.

केबलचं तेच. "प्युअर कॉपर कॅट सिक्स" म्हणून मीटरमागे पैसे लावलेले. उरलेला तुकडा माळ्यावर होता, ब्लेडने आतली तार खरवडली, वरचा तांब्याचा मुलामा निघाला आणि खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. खरं तांबं कितीही खरवडा, लालच राहतं. दोन मिनिटांचं काम आहे, केबल भिंतीत जायच्या आधी करा.

आणि ते "मेश", म्हणजे सगळे राउटर मिळून घरभर एकच जाळं, म्हणून जे विकलं ते मेश नव्हतंच. तिन्ही राउटरना एकच नाव दिलेलं म्हणून फोनवर एक नेटवर्क दिसायचं, पण प्रत्येकाच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट आत घ्यायचा तो) वायर खुपसलेली, प्रत्येकाचं वेगळं जाळं, खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. त्यामुळे खालचा प्रिंटर वरून सापडायचाच नाही. विचारलं तेव्हा म्हणाला सिक्युरिटीसाठी सेगमेंट वेगळे ठेवलेत. साफ खोटं. शेवटी ऑफिसातल्या आयटीच्या मुलाने फोनवर सांगितलं आणि मी स्वतः केलं. दुसरा-तिसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा (म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो), तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आयपी वाटायचं काम, बंद करायचा, त्याचा स्वतःचा आयपी बदलून पहिल्या राउटरच्या जाळ्यातला मोकळा द्यायचा आणि वायर लॅन पोर्टमध्ये लावायची, बस्स. याला कुणी हजारो रुपये मागत असेल तर दार दाखवा.

मी त्याला फोन केला, शांतपणेच विचारलं. आधी म्हणाला कंपनीच्या सिस्टिममध्ये एरर असेल. मग उचलेनासा झाला. आणि त्याच रात्री आमच्या दोघांच्या अ‍ॅपमधून कॅमेरे गायब. शेअरिंग काढून टाकलं. बाबांकडून क्यूआर कोड स्कॅन करून घेतला तर "हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे". सकाळी त्याचा मेसेज, अनबाइंड करायचे, म्हणजे त्याच्या खात्यातून कॅमेरे सोडायचे, ८,००० पडतील. घासाघीस करून ५,००० यूपीआयने पाठवले, कारण आईला ताप होता आणि बाबा एकटे सगळं बघत होते, त्या वेळी तत्त्वाचं भांडण कोण करत बसेल? पैसे पोचले, ब्लू टिक आली, अनबाइंड काही केलं नाही. शेवटी डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीला मूळ बिल आणि सिरियल नंबर पाठवून ते सोडवून घेतलं. म्हणून सांगते, डीव्हीआरचं बिल फाडू नका, हरवू नका.

बाबांच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, होतं, चालू झाल्यावर आपोआप सुरू होणारं आणि न विचारता आत घेणारा पासवर्ड त्याने स्वतः ठेवलेला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, हे मला माहीत होतं. पण ते सगळं अनोळखी फोनवाल्यांबद्दल वाचलेलं. हा तर आमच्याकडे चहा पिऊन गेलेला माणूस.

आता तक्रारीचं ऐका. गावच्या ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, "माणूस आला, काम केलं, पैसे घेतले, यात फसवणूक कुठे आली? सिव्हिल मॅटर आहे." मी म्हणाले न घेतलेल्या स्टॅटिक आयपीचे पैसे दोन वर्षं घेतलेत, कॅमेरे अडकवून वर खंडणी घेतली. तर म्हणे कॅमेरे तर चालू होते ना तोपर्यंत! तो काय बघत होता याचा पुरावा आहे का? पुरावा मी कुठून आणायचा, तो त्याच्या फोनमध्ये आहे, तो जप्त करायचं काम कुणाचं? मग सांगितलं की तुम्ही राहता तिकडे द्या. राहते तिथे गेले तर घटना तिकडची आहे, तिकडेच द्या. झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग वर्ग करता येते, हे मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी माझ्याकडे असं बघायचं की जणू मीच काहीतरी करून आलेय. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, फ्रॉड ट्रान्झॅक्शन नाही. बँकेत गेले, तिथेही तेच वाक्य. इंटरनेट कंपनीकडे लेखी मागितलं की या खात्यावर स्टॅटिक आयपी नव्हता, एवढी एक ओळ द्या, तर तिकीट उघडतात आणि "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद करतात. एक ओळ! सगळ्यांकडे बोट दाखवायला कुणीतरी दुसरा आहे, आणि म्हातारी माणसं घरात कॅमेऱ्याला टॉवेल गुंडाळून बसलीत त्याचं कुणालाच काही नाही.

तुमच्यावर अशी वेळ आलीच तर तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली एसपींकडे पोस्टाने लेखी पाठवता येतं, मी तेच केलंय. अर्जात भारतीय न्याय संहितेचं ३१८, म्हणजे आपलं जुनं ४२०, आणि परवानगीशिवाय आत शिरल्याबद्दल आयटी अ‍ॅक्टचं ४३ आणि ६६ लिहिलंय. खात्यातून पैसे परस्पर गेले असतील तर मात्र वेळ न घालवता आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, पण मुदत दोनच वर्षं असते, त्यामुळे "बघू नंतर" म्हणू नका. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, चिडून ब्लॉक केलं तरी आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

स्टॅटिक आयपी खरंच लागत असेल तर तो फक्त इंटरनेट कंपनीकडूनच घ्यायचा, तिच्याच बिलावर, मध्ये कुणी नको. कॉम्प्युटरपर्यंत पोचायला मी आता टेलस्केल (आपलीच उपकरणं लांबून एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर) वापरते, सीजीनॅटमधूनही चालतं, घरगुती वापराला फुकट आहे, आणि खातं माझ्या ईमेलवर आहे. राउटरचे अ‍ॅडमिन पासवर्ड माणूस दारातून बाहेर पडायच्या आधी बदला, त्याच्यासमोर बदला, त्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

अर्जाची पोच आली आहे, पुढे काही नाही. ग्राहक आयोगाची तारीख लागायची आहे. तो माणूस अजून तालुक्यात कामं घेतोय, स्टेटसला रोज कुणाच्या ना कुणाच्या घरातल्या राउटरचे फोटो असतात. म्हणून तुमच्या आईवडिलांच्या घरी कॅमेरे असतील तर आत्ता अ‍ॅप उघडा, डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये जा आणि बघा तिथे तुम्ही मालक आहात की तुम्हाला कुणीतरी शेअर केलंय.